मींड पुसणारं बटण: ऑटो-ट्यून नेमकं करतं काय

पेटी वाजवणाऱ्याला एक दुखणं जन्मभर पुरतं. गाणारा ‘सा’वरून ‘ग’पर्यंत रेंगाळत, घसरत, मध्येच थबकत जातो (हीच मींड) आणि आपल्याला मात्र एक पट्टी सोडून दुसरी दाबावी लागते. मधला रस्ता पेटीत नाहीच. मी कॉलेजात असल्यापासून भजनाला पेटीची साथ करतो, त्यामुळे असेल. पण १९९९च्या सुमाराला केबलवर शेर या अमेरिकन गायिकेचं ‘बिलीव्ह’ पहिल्यांदा कानावर पडलं, तेव्हा मनात आलं की या बाईच्या गळ्यात कुणीतरी पेटी बसवली आहे.

पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की अंदाज फारसा चुकला नव्हता.

शेर म्हणजे सिंह नव्हे आणि गझलेतला शेरही नव्हे. शेरिलिन या नावाचं ते लघुरूप. साठच्या दशकात सोनी या जोडीदाराबरोबर गाऊन ती प्रसिद्ध झाली, पुढे अभिनयासाठी ऑस्करही मिळवलं. पण १९९८च्या ऑक्टोबरमध्ये ‘बिलीव्ह’ ब्रिटनमध्ये बाजारात आलं तेव्हा ती ५२ वर्षांची होती, आणि पॉप संगीताच्या हिशेबात ते वय पेन्शनीचं. ते गाणं ब्रिटनमध्ये सात आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसलं. मार्च १९९९मध्ये अमेरिकेतही पहिलं आलं. गाणं नाचायचं, ठेका नेहमीचाच, चाल चांगली. लोकांनी मान वर केली ती मात्र पहिल्या कडव्यातल्या एका जागेसाठी. तिथे शेरचा आवाज अचानक तुटतो. बेसूर होत नाही, उलट नको इतका सुरेल होतो. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये काही उरतच नाही, जिन्याच्या पायऱ्या उतरावं तसा सूर टप्प्याटप्प्याने पडतो.

हे केलं कसं, असं सगळ्यांनी विचारलं. मार्क टेलर आणि ब्रायन रॉलिंग या निर्मात्यांनी ‘साउंड ऑन साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या फेब्रुवारी १९९९च्या अंकात त्याची सविस्तर हकिगत सांगितली: व्होकोडर नावाचं आवाज यांत्रिक करणारं एक उपकरण वापरलं, त्याचं अमुक मॉडेल, आवाज त्यातून असा असा फिरवला. वाचणाऱ्या कित्येक ध्वनिमुद्रकांनी तो व्होकोडर लावून पाहिला असेल आणि शेरचा आवाज काही निघाला नसेल, कारण हकिगत खोटी होती. मिसळीच्या तर्रीत काय घालता असं विचारलं की हॉटेलवाला ‘काही नाही हो, घरचाच मसाला’ म्हणतो ना, त्यातलाच हा प्रकार. खरा मसाला कुणालाही विकत मिळत होता. वर्षभरापूर्वी बाजारात आलेलं ते एक सॉफ्टवेअर होतं: ऑटो-ट्यून.

ते बनवणारा माणूस संगीताच्या धंद्यातला नव्हता, तेलाच्या धंद्यातला होता. अँडी हिल्डेब्रँड हा विद्युत अभियंता. १९७६मध्ये इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन तो एक्सॉन या तेलकंपनीत लागला आणि १९८२मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्याने लँडमार्क ग्राफिक्स ही कंपनी काढली. जमिनीखालच्या खडकांची चित्रं संगणकावर पाहता यावीत हे तिचं काम. जमिनीवर स्फोट किंवा मोठा धक्का देऊन आवाजाची लहर खाली पाठवायची, खडकांच्या वेगवेगळ्या थरांवर आपटून ती परत येते, आणि परत आलेल्या त्या गोंधळलेल्या गुणगुणीतून खाली काय आहे ते ओळखायचं. समुद्रातही हेच करतात. मुंबईच्या किनाऱ्यापासून दूर, बॉम्बे हाय इथे १९७४मध्ये तेल लागलं, त्याच्याआधी साठच्या दशकात जहाजावरून असंच सर्वेक्षण झालं होतं. प्रतिध्वनींच्या ढिगातून उपयोगी खूण शोधणं, हा हिल्डेब्रँडचा पोटापाण्याचा उद्योग.

दुसरीकडे तो लहानपणापासून बासरी वाजवणारा. १९८९मध्ये त्याने तेलाला रामराम ठोकला आणि ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात संगीतरचना शिकायला गेला. मग संगीतासाठीची सॉफ्टवेअर बनवणारी छोटी कंपनी काढली, जी पुढे अँटारेस म्हणून ओळखली गेली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका व्यापारी प्रदर्शनात जेवताना ओळखीतल्या एका बाई त्याला थट्टेने म्हणाल्या की मला सुरात गायला लावणारं एखादं यंत्र काढा की! टेबलावर कुणी हसलं नाही, सगळे ताटात बघत राहिले, असं तो सांगतो. काही महिन्यांनी त्याच्या डोक्यात आलं की हे तर जमण्यासारखं आहे, तेलासाठी वापरत होतो तेच गणित इथे चालेल. १९९७मध्ये ऑटो-ट्यून बाजारात आलं.

आता ते गणित. घाबरू नका, पैठणीच्या काठावरून समजेल.

गाताना स्वरतंतू हलतात आणि हवेत लहर उठते. ‘आऽ’ म्हणून एक सूर धरला की ती लहर पुन्हा पुन्हा जवळजवळ तशीच येते. पैठणीच्या काठावर एकामागून एक तोच मोर यावा तशी. (‘स’ किंवा ‘श’ म्हणताना मोर नसतात, नुसताच विस्कटलेला धागा असतो, म्हणून त्यांना सूर नसतो.) एका सेकंदात किती मोर येतात यावर सुराची उंची ठरते. ४४० आले, तर ४४० हर्ट्झ. आजच्या प्रमाण जुळणीच्या पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी सहा (म्हणजे सहावी पांढरी पट्टी) दाबली की तेवढेच येतात.

संगणकाला मोर दिसत नाहीत. त्याच्याकडे नुसते आकडे असतात. सीडीच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण म्हणजे सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा त्या क्षणी लहर किती वर किंवा खाली आहे ते सांगणारा. मग एक मोर कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो हे कसं ओळखायचं? काठावर ट्रेसिंग पेपर ठेवा, नक्षी गिरवा आणि कागद हळूहळू पुढे सरकवा. थोडा सरकवला की रेषा जुळत नाहीत. आणखी सरकवला, अजून नाही. आणि एका ठिकाणी गिरवलेला मोर पुढच्या मोरावर चपखल बसतो. कागद जेवढा सरकवलात, तेवढी एका मोराची लांबी. ४४० हर्ट्झच्या सुराला हा मेळ साधारण १०० आकडे सरकल्यावर बसेल, कारण ४४,१०० भागिले ४४० म्हणजे तेवढेच. लहरीची तिच्याच सरकवलेल्या प्रतीशी तुलना करण्याच्या या पद्धतीला ऑटोकोरिलेशन म्हणतात; मराठीत स्वसहसंबंध. शब्द अवघड आहे, कृती मात्र ट्रेसिंग पेपरची.

अडचण वेळेची. कागद जितक्या ठिकाणी सरकवायचा, तितक्या वेळा शेकडो आकड्यांचे गुणाकार करून बेरीज घ्यायची, आणि गाणारा थांबत नाही, नक्षी पुढे पुढे चाललेलीच आहे. त्या काळच्या संगणकांना हे गाणं चालू असताना झेपण्यासारखं नव्हतं. इथे हिल्डेब्रँडच्या लक्षात जे आलं ते दूधवाल्यालाही ठाऊक असतं. गेल्या तीस दिवसांचं दूध किती, हा हिशेब रोज हवा असेल तर आपण रोज तीस आकडे पुन्हा मांडत नाही. कालच्या बेरजेत आजचं दूध मिळवतो आणि एकतिसावा दिवस वजा करतो. लहरीचा नवा आकडा आला की जुनी बेरीज जवळजवळ तशीच राहते. नवा गुणाकार मिळवायचा, सगळ्यात जुना वगळायचा. लाखो गुणाकारांचं काम मोजक्या गुणाकारांवर आलं, आणि स्टुडिओतल्या साध्या संगणकावर सूर चालता चालता ओळखता येऊ लागला. माझ्या मते त्याची खरी करामत इथे आहे. पुढचं सगळं त्यामानाने सुतारकाम.

सूर ओळखला, आता तो कुठे असायला हवा होता ते ठरवायचं. पाश्चात्त्य पद्धतीत, आणि आपल्या पेटीतही, सप्तकाचे बारा सारखे भाग असतात. प्रत्येक सूर आधीच्याच्या साधारण १.०५९५ पट. काळी चार ४१५, पांढरी सहा ४४०, काळी पाच ४६६. गायिकेने ४३० लावला तर जवळचा सूर ४४०, यंत्र तिला तिकडे नेईल. पण तिने ४२५ लावला तर? आता जवळचा सूर ४१५ झाला. तिला म्हणायची होती पांढरी सहा, यंत्र आत्मविश्वासाने तिला काळी चारवर नेऊन बसवेल. म्हणून कोणते सूर घ्यायचे आणि कोणते वर्ज्य, हे ध्वनिमुद्रकाला आधी सांगून ठेवता येतं. काळी चार वर्ज्य केली की ४२५ला ४४०शिवाय गत्यंतर नाही. यंत्राला गाणं समजत नाही, त्याला फक्त सगळ्यात जवळचं घर कळतं.

मग सूर हलवायचा. कॅसेट जोरात फिरवली की आवाज चढतो हे आपण लहानपणी केलेलं आहे, पण त्यात गाणंही लवकर संपतं. इथे पुन्हा पैठणी. ४३०चे ४४० करायचे तर प्रत्येक मोर किंचित आवळून विणायचा. मोर आवळले की काठ तोकडा पडणार, म्हणून मधूनमधून एखादा मोर दोनदा घालायचा. सेकंदाला दहा मोर जास्त, की काठ पुन्हा पुरेसा. सूर खाली आणायचा तर उलट: मोर ताणायचे आणि मधले काही गाळायचे. एक मोर म्हणजे सेकंदाचा चारशेवा हिस्सा. तो दोनदा आला की एकदा, हे कानाला कळत नाही.

इथपर्यंत जे झालं ते शिवणकाम आहे, उसवलेलं शिवणं. हिल्डेब्रँडला तेवढंच करायचं होतं. गायिकेने बाकी सगळं सुंदर गायलं आणि एकच सूर किंचित उतरला, तर पुन्हा दहा वेळा गायला न लावता तेवढाच उचलायचा, आणि कुणाला कळू द्यायचं नाही. सूर झटक्यात जागेवर आणला तर कळणार. म्हणून त्याने सॉफ्टवेअरमध्ये एक कळ ठेवली: सूर जागेवर किती वेळात न्यायचा? मोजमाप मिलिसेकंदात, शून्यापासून ४००पर्यंत. शंभराच्या आसपास ठेवलं तर लांबवलेला सूर हळूच जागेवर येतो, पण एका सुरावरून दुसऱ्यावर जाणारी पटकन घेतलेली मींड, आवाजातला हलका कंप, या गोष्टी बऱ्याचशा शाबूत राहतात, कारण यंत्र त्यांना पकडेपर्यंत त्या संपलेल्या असतात.

आणि शून्य? शून्य म्हणजे ताबडतोब. मोजपट्टी कुठेतरी सुरू व्हायला हवी म्हणून ते शून्य तिथे होतं. शहाणा माणूस ते वापरेल असं वाटलंच नव्हतं, असं हिल्डेब्रँडने पुढे मुलाखतींत सांगितलं.

मार्क टेलरने लंडनमधल्या स्टुडिओत शेरच्या आवाजावर खेळता खेळता ते वापरलं. शून्यावर काय होतं ते आता कळेल. गाणारी ‘सा’वरून ‘ग’वर घसरत निघाली. नुकतीच निघालेली असताना यंत्र विचारतं, जवळचा सूर कोणता? अजून ‘सा’. मग ‘सा’च ऐकव. थोडी पुढे गेली, जवळचा आता ‘रे’, की एका क्षणात ‘रे’. मग ‘ग’. गळ्याने उतार घेतला, कानावर पायऱ्या आल्या. आवाजातला कंप दोन सुरांच्या मध्ये डोलत असेल तर तो ‘सा-रे-सा-रे’ असा टाइपरायटरसारखा टकटकतो. मींड पुसली जाते, राहतात नुसते सूर.

म्हणजे शेर बेसूर गात होती म्हणून तो आवाज तसा झाला, हा समज चुकीचा. ती सुरातच होती. उलट गळा जितका फिरता, तितका हा परिणाम जास्त ऐकू येतो. सपाट, सरळ सूर लावणाऱ्यावर शून्य लावलं तर फारसं काही जाणवणारही नाही. आपण ज्याला ‘यांत्रिक’ म्हणतो तो आवाज अचूकपणामुळे यांत्रिक होत नाही. पेटीही अचूक असते आणि तिला कुणी रोबो म्हणत नाही. माणसाच्या गळ्यातून रस्ता नाहीसा झाला की कान दचकतो.

टेलरला हे ऐकवायची भीती वाटत होती, पण शेरला ते फार आवडलं. रेकॉर्ड कंपनीने तो परिणाम काढायला सांगितला तेव्हा ती अडून बसली. बावन्न वर्षांच्या, तीस वर्षांहून जास्त काळ एका ओळखीच्या आवाजावर जगलेल्या गायिकेने आपलाच आवाज मोडून घ्यायचा हट्ट धरावा, याचं मला आजही कौतुक वाटतं.

निर्मात्यांनी ज्याचं नाव पुढे केलं तो व्होकोडर वेगळं प्रकरण आहे, त्याबद्दल दोनच वाक्यं. त्यात माणसाच्या तोंडाचा फक्त आकार घेतात आणि सूर सिंथेसायझरचा असतो. म्हणजे सिंथेसायझर बोलायला लागतो. ऑटो-ट्यूनमध्ये सूरही गळ्याचाच, फक्त जागा बदललेला.

पुढची कहाणी अनेकांना माहीत आहे. १९९९च्या जेनिफर लोपेझच्या एका गाण्याच्या रीमिक्समध्ये असाच तुकडा ऐकून फ्लोरिडाच्या टी-पेन या गायकाला नाद लागला आणि २००५पासून त्याने पूर्ण अल्बम शून्यावर गायले. २००८मध्ये कान्ये वेस्ट या रॅपरने दुःखाची गाणी याच आवाजात केली. २००९मध्ये जे-झी या दुसऱ्या रॅपरने ऑटो-ट्यूनचं मरण जाहीर करणारं गाणं काढलं, आणि ऑटो-ट्यून काही मेलं नाही. टी-पेनला गाता येत नाही असं म्हणणाऱ्यांची तोंडं २०१४मध्ये बंद झाली, जेव्हा तो अमेरिकन रेडिओच्या कचेरीत एका कीबोर्डच्या साथीने साधाच गायला, आणि चांगलाच गायला. मला यातलं सगळ्यात रसाळ वळण अल्जीरियाचं वाटतं. तिथल्या राय संगीतात गळा सतत हलता, मुरक्यांनी भरलेला. त्या गायक-गायिकांनी ऑटो-ट्यून फार लवकर उचललं, आणि हलत्या गळ्यावर पायऱ्या पडून जो झगमगता आवाज निघतो तो शेरच्या गाण्यात शोधूनही मिळत नाही.

‘आता काय, कुणीही गातो,’ ही तक्रार अर्धीच खरी. १९९७च्या आधीही वीस वेळा गाऊन घेऊन त्यातल्या चांगल्या ओळी जोडायची पद्धत होतीच. ऑटो-ट्यूनने ते स्वस्त केलं आणि झाकून टाकलं. २००१मध्ये म्युनिकहून मेलोडाइन आलं. त्यात प्रत्येक सूर पडद्यावर चित्रासारखा दिसतो, हाताने उचलून ठेवता येतो. आज व्यावसायिक गाण्यांत अशी डागडुजी सर्रास होते, आणि चांगली केली तर तुम्हाआम्हाला पत्ता लागत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि पेटीवाल्याने ती करावी हे जरा हास्यास्पदच. १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ठरलेल्या बारा सुरांचं हे वाद्य आपल्या श्रुतींना (त्या बारांच्या मधल्या बारीक सुरांना) आणि मींडेला न्याय देत नाही, हे तिच्यावरचं मुख्य बालंट. बंदी तीसेक वर्षं टिकली. आम्हा पेटीवाल्यांना अजून त्याचा राग येतो. दरबारी रागातला तो खाली झुकलेला, झुलणारा गंधार पेटीवर येत नाही, हे खरंच आहे. पण पेटी साथीला असते, गंधार गळ्यात सुरक्षित असतो. पेटी पायऱ्या दाखवते, गाणारा त्यांच्यावरून घसरत जातो, आणि या दोघांच्या ओढाताणीत मैफल रंगते. शून्यावरचं ऑटो-ट्यून त्या गळ्यातच शिरतं. दरबारीच्या गंधाराला ते जवळच्या घरात कोंबून टाकेल, आणि त्याचं ते झुलणं, म्हणजे आंदोलन, यंत्राच्या लेखी दुरुस्त करायची चूक.

मागच्या वैशाखात एका हळदीला गेलो होतो. डीजेवर कोळीगीताचं नवं रूप लागलं होतं, आणि ओळीच्या शेवटचा लांब ‘गंऽ’ अगदी शेरसारखा पायऱ्यापायऱ्यांनी उतरत होता. माझी बारा वर्षांची भाची त्याच्याबरोबर गात होती. डीजे मध्येच बंद पडला, वीज गेली, ती मात्र गातच राहिली, आणि माइक नाही, यंत्र नाही, तरी नुसत्या गळ्याने तो ‘गंऽ’ तिने तसाच, एकेक पायरी वेगळी पाडत खाली आणला. मी तिला घरी पेटीवर बसवून ते पुन्हा म्हणायला लावलं. काळी दोन, काळी एक, पांढरी एक. एकही पट्टी चुकली नाही.